पस्तिशी ते पासष्टी

दापोलीला हल्ली पर्यटक 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात. आमच्या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून 'कॅम्प' हाच शब्द आहे. खाडीकाठच्या गावातली बाई बाजाराला निघाली की 'कॅम्पात जाऊन येते' म्हणायची. पाकिटावरही 'कॅम्प दापोली' असा पत्ता लिहिण्याची पद्धत होती. लहानपणी मला वाटायचं, कॅम्प म्हणजे साहेबांचा बंगला, गोल्फचं मैदान, घोडे. ते सगळं होतंच. पण या कॅम्पाच्या आयुष्यातला सर्वांत शांत आणि माझ्या मते सर्वांत बोलका काळ साहेबांचा नव्हता. तो म्हाताऱ्या शिपायांचा होता.

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी दापोलीला लष्करी ठाणं केलं. हवा थंड, बंदर जवळ. पुढे १८४०च्या सुमारास मुख्य फौज इथून हलवली आणि मागे ठेवली ती एक 'व्हेटरन बटालियन', म्हणजे उतारवयातल्या शिपायांची पलटण. लढाईवर जाण्याची ताकद उरलेली नाही, पण बंदूक खांद्याला लावून पहारा करता येतो, अशांसाठी कंपनी सरकार अशा पलटणी ठेवत असे. १८५७पर्यंत ही पलटण दापोलीत होती. मग तीही मोडली. पलटण मोडली तरी माणसं कुठे जाणार? कॅम्पाच्या आसपास पेन्शनरांची वस्ती राहिली. त्यात महार होते, मराठे होते, आमच्यासारखे कोकणी मुसलमान होते, बेने इस्राएल होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणानं जी जी माणसं पाठवली, त्या सगळ्यांची म्हातारपणं या लाल मातीत एकमेकांच्या शेजारी बसली.

मंडळी, आज मला बोलायचं आहे ते या म्हातारपणांबद्दल. नेमकं सांगायचं तर म्हातारपणाच्या आधीच्या काळाबद्दल. फौजेची गंमत अशी की ती माणसाला तरुण असतानाच निवृत्त करते. कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनीत निघतो. जवान निघतो पस्तिशी-चाळिशीत. तेव्हा त्याची मुलं शाळेत असतात, आईवडील आजारी असतात, घरावर नवीन कौलं घालायची असतात. नोकरीला तो म्हातारा आणि पेन्शनीला तरुण. या मधल्या पंचवीस-तीस वर्षांचं काय करायचं, हा प्रश्न दोनशे वर्षं आपल्याकडे पडून आहे आणि प्रत्येक राजवटीनं त्याला आपापल्या परीनं बगल दिली आहे.

आधी दोन शब्दांबद्दल बोलतो. कवी माणूस, शब्दापासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही. पहिला शब्द 'शिपाई'. फारसीतला 'सिपाही' म्हणजे सैनिक, लढणारा. मराठीत आल्यावर तो शिपाई झाला आणि हळूहळू कचेरीच्या दाराशी स्टुलावर जाऊन बसला. आज 'शिपायाची जागा निघाली आहे' असं कुणी म्हटलं तर सीमेवरची जागा कुणाच्या मनातही येत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, याचं शब्दकोशातलं उत्तर पंडित देतील. मला मात्र वाटतं, तो शब्द त्या माणसाच्याच पावलावर पाऊल ठेवून गेला. फौजेतून बाहेर पडलेला शिपाई कलेक्टर कचेरीत, मामलेदाराकडे, शाळेत, गिरणीच्या फाटकावर उभा राहिला आणि शब्दही त्याच्यासोबत तिथे उभा राहिला.

दुसरा शब्द 'पेन्शन'. तो इंग्रजी खरा, पण ती कल्पना इंग्रजांनीच आणली असं समजू नये. मराठेशाहीत 'बालपरवेशी' होती. लढाईत पडलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेलं वेतन किंवा जमीन म्हणजे बालपरवेशी. 'परवेशी' म्हणजे फारसी 'परवरिश'. बघा, मेलेल्याच्या घराची सोय आहे, जिवंत परतलेल्याला मात्र दरबारच्या मर्जीवर राहायचं. मर्जी फिरली तर इनामही फिरलं. कंपनीचं पेन्शन त्या मानानं नवं होतं. दरमहा, ठरलेल्या तारखेला, मोजून. गावच्या वाण्याला ती तारीख पाठ असे.

पण नियमाचा पैसाही नियमानं मिळतोच असं नाही. आमच्या शायरांचे शायर मिर्झा गालिब यांचं अर्धं आयुष्य ज्या पेन्शनच्या भांडणात गेलं, ते मुळात लष्करी सेवेतूनच आलेलं होतं आणि त्याचा धागा आपल्या मराठ्यांपर्यंत येतो. गालिबांचे काका नसरुल्ला बेग खान मराठ्यांच्या वतीनं आग्र्याचा कारभार पाहत होते. १८०३ साली आग्रा लॉर्ड लेककडे गेलं, नसरुल्ला बेग इंग्रजांच्या चाकरीत गेले, चारशे घोडेस्वारांवर अधिकारी झाले आणि १८०६ साली वारले. त्यांच्या कुटुंबाला जे पेन्शन बांधून दिलं, त्यात गालिबांच्या वाट्याला वर्षाकाठी साडेसातशे रुपये येत. आपल्या घराला ठरल्यापेक्षा कमी मिळतं, ही दाद मागायला गालिब दिल्लीहून निघून १८२८ साली कलकत्त्याला पोहोचले. वर्षभराहून अधिक तिथे राहिले. निकाल विरुद्ध गेला. १८५७नंतर तर होतं तेही बंद झालं, ते १८६० साली पुन्हा सुरू झालं. शायरीच्या मैफिलीत ही पेन्शनची कथा आपण विनोदानं सांगतो. ज्याच्या घरी पेन्शन थकलेलं असतं, तो या विनोदाला हसत नाही.

परत दापोलीकडे येतो.

१८९३-९४च्या सुमारास या कॅम्पात एक सुभेदार पेन्शन घेऊन आले. रामजी मालोजी सकपाळ. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्याच आंबडवे गावचे. लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षं काढलेले, इंग्रजी जाणणारे, घरात पुस्तकं बाळगणारे. दापोलीत कायमचं राहावं असा त्यांचा विचार होता. सोबत मोठं कुटुंब होतं, त्यातला सर्वांत धाकटा मुलगा भीमराव नुकता बोलू-चालू लागलेला. पुढे हा मुलगा कोण झाला, हे सांगायला नको.

आता बाबासाहेबांच्या चरित्रात रामजी सुभेदारांचा उल्लेख येतो तो शिस्तप्रिय, धार्मिक, शिक्षणासाठी झटणारे वडील म्हणून. तो योग्यच आहे. मला मात्र त्यांच्याकडे एक पेन्शनर म्हणून बघावंसं वाटतं. सुभेदाराचं पेन्शन साध्या शिपायापेक्षा बरं असणार. तरीही ते दापोलीत स्वस्थ बसू शकले नाहीत. काही वर्षांतच कुटुंब साताऱ्याला गेलं, कारण तिथे नोकरी होती. उमेदीची वर्षं फौजेला देऊन झाल्यावर हा माणूस पुन्हा सरकारी कामावर हजर झाला. १९०१ साली ते खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथे तलाव खोदायला घेतला होता. हजारो भुकेली माणसं माती वाहत होती आणि त्यांच्या मजुरीचे पैसे सांभाळायला हा निवृत्त सुभेदार नेमलेला होता. मुलं साताऱ्यात, बाप गोरेगावात. आई भीमाबाई तोवर वारल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं वडिलांना भेटायला निघाली, स्टेशनवर उतरली आणि जात कळल्यावर गाडीवाले त्यांना नेईनात. तो प्रवास बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. अस्पृश्यतेचा दाखला म्हणून तो आपण वाचतो आणि तसाच वाचला पाहिजे. पण त्या प्रवासाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. सुभेदाराच्या पेन्शनवर घर चालत असतं, तर ती मुलं त्या स्टेशनवर उतरलीच नसती.

१९०४ साली कुटुंब मुंबईला आलं, परळच्या चाळीत. चरित्रकार सांगतात की भीमरावाला एखादं पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकून पुस्तक घेत आणि पेन्शन आलं की दागिना सोडवून परत देत. मोठा खर्च पेन्शनमध्ये बसत नाही, पण पेन्शन येणार हे पक्कं असतं म्हणून उसनं मिळतं. सावकाराला माणसापेक्षा पेन्शनच्या तारखेवर जास्त विश्वास असतो. १९१३च्या फेब्रुवारीत रामजी गेले.

रामजी पेन्शनवर आले त्याच सुमारास आणखी एक घाव बसला होता. १८९२-९३च्या आसपास सरकारनं 'लढाऊ जातीं'चं नवं गणित मांडलं आणि महारांची लष्करभरती बंद केली. ज्या समाजानं कंपनीच्या फौजेत पिढ्यानपिढ्या काढल्या, त्याला दार बंद. दापोलीतच राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. आमच्या पूर्वजांनी केलेली सेवा बघा, आम्हाला पुन्हा फौजेत घ्या, असा त्याचा रोख होता. रामजी सुभेदारही या कामी न्यायमूर्ती रानड्यांना भेटले, असं चरित्रकार सांगतात. या अर्जांकडे आपण मानाची मागणी म्हणून बघतो. ती होतीच. पण त्यात पोटाचा भागही मोठा होता. पेन्शन एका पिढीपुरतं असतं. बापाचं पेन्शन चालू आहे तोवर मुलगा भरती झाला, तर घर तरतं. भरती बंद झाली की बापाबरोबर पेन्शनही स्मशानात जातं. कॅम्पातल्या घराघरांत तेव्हा हाच हिशेब चालला असणार.

पहिल्या महायुद्धात माणसांची गरज लागली, तेव्हा गणित पुन्हा बदललं. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली, गरज संपल्यावर, मोडली. १९१९ साली 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झालं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी जी सैनिक कल्याण कार्यालयं दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. परतलेल्या सैनिकांची विचारपूस करायला एक खातं असावं, एवढं सरकारला पटलं होतं. पण विचारपूस आणि उपजीविका यांत फरक असतो.

दुसऱ्या महायुद्धात हा फरक फार मोठ्या प्रमाणावर समोर आला. १९४५ साली हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. सक्ती नव्हती, सगळे स्वेच्छेनं भरती झालेले. आता हे 'स्वेच्छेनं' म्हणजे काय, ते कोकणातल्या दुष्काळी पोटाला विचारावं. युद्ध संपलं आणि यातले बहुतेक लोक घरी पाठवायचे ठरले. चार वर्षं, पाच वर्षं सेवा झालेली. पेन्शनला लागतात पंधरा. म्हणजे पेन्शन नाही.

या माणसांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५मध्ये सरकारनं एक संचालनालय उघडलं, पुनर्वसन आणि रोजगाराचं. त्याच्या हाताखाली देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली. माझ्या पिढीतल्या श्रोत्यांना ही कचेरी चांगली आठवत असेल. मीही बी.ए. झाल्यावर तिथे रांगेत उभा राहून कार्ड काढलं होतं, दर काही वर्षांनी ते नवं करून आणायचं. ही रांग मुळात युद्धावरून परतलेल्या शिपायांसाठी लावलेली होती, हे त्या रांगेतल्या आम्हा बेकार पदवीधरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि हे संचालनालय ज्या मजूर खात्यात उघडलं, ते खातं तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कोण सांभाळत होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ ते मजूर मंत्री होते. गोरेगावच्या तलावावर रोखपाली करणाऱ्या सुभेदाराचा मुलगा. त्यांनी त्या वेळी वडिलांची आठवण काढली का, ते मी सांगू शकत नाही. मला मात्र तो १९०१चा उन्हाळा आणि ही १९४५ची कचेरी एकमेकांपासून वेगळी करता येत नाही.

त्याच काळात अमेरिकेनं काय केलं, तेही बघण्यासारखं आहे, कारण तिथे सरकारनं आधी हात पोळून घेतले होते. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना १९२४ साली कायद्यानं बोनस कबूल केला, पण हातात पडणार १९४५ साली. मध्येच महामंदी आली. चाळिशीकडे झुकलेले बेकार माजी सैनिक बायकामुलांसह १९३२च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला जमले आणि नदीकाठी झोपड्या बांधून राहिले. मागणी एकच, आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलै १९३२ रोजी त्यांच्याच फौजेनं रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकावलं, झोपड्या जाळल्या गेल्या. बोनस १९३६ साली मिळाला. ही आठवण ताजी होती म्हणून पुढचं युद्ध संपण्याआधीच, २२ जून १९४४ रोजी, तिथे 'जी. आय. बिल' मंजूर झालं. परत येणाऱ्याला कॉलेजचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, काम मिळेपर्यंत वर्षभर आठवड्याला वीस डॉलर. काळ्या सैनिकांना त्यातलं फार थोडं पदरात पडलं, हेही खरं. आपल्याकडच्या शिपायाला मिळालं ते एक कार्ड आणि रांगेतली जागा.

अशी एक जागा आमच्या घरातही होती. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना छोटे दादा म्हणत असू, १९४२ साली फौजेत लॉरी चालवायला गेले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सामान पोहोचवलं आणि १९४६ साली घरी आले. पुढची पस्तीसएक वर्षं मुंबईत एका कापडगिरणीच्या फाटकावर पहारेकरी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते साठीला टेकले होते, निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. संप त्यांनी केला नव्हता. पण गिरणीचं फाटकच उघडेना, तर पहारा कशाचा करणार? ग्रॅच्युइटीचे पैसे आज देतो, उद्या देतो असं होत होत राहून गेले. छोटे दादा ट्रंक घेऊन गावी आले.

मी तेव्हा शाळेत होतो. दादांना मराठी बोलता यायचं, लिहिता येत नसे. फौजेत त्यांना रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकवली होती, तेवढीच लिपी त्यांच्या हातात बसलेली. ते कागदावर इंग्रजी अक्षरांत आपली कैफियत मांडायचे आणि मी ती मराठी अर्जात उतरवायचो. जिल्ह्याला एक, पुण्याला एक, दिल्लीला एक. मुशायऱ्यात माझी ओळख करून देताना लोक माझ्या पहिल्या कवितेचा उल्लेख करतात. माझं खरं पहिलं लेखन हे अर्ज होते. दादा प्रत्येक अर्जासोबत डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडायला लावत. त्यात त्यांच्या वर्तणुकीबद्दल चांगला शेरा होता, त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारावी असा त्यांचा आग्रह असे. एकदा उत्तर आलं. सेवा निवृत्तिवेतनास पात्र नाही, एवढंच. दादांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, 'यात खोटं काय आहे? चारच वर्षं केली ना मी.' १९८६ साली ते गेले.

पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारांनी दरमहा मानधन दिलं, महाराष्ट्रानंही दिलं. ती रक्कम वर्षागणिक वाढत गेली आणि घेणारे हात वर्षागणिक कमी होत गेले.

स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांची रेघ तशीच राहिली. सुरुवातीच्या काळात जवानाची प्रत्यक्ष सेवा सातएक वर्षांची असे, बाकीची वर्षं राखीव दलात. गावी राहायचं, बोलावलं की हजर व्हायचं. सत्तरच्या दशकात प्रत्यक्ष सेवाच पंधरा वर्षांवर नेली, तेव्हा साध्या जवानाला पेन्शनची खात्री आली. ही मोठी सुधारणा होती आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण त्या आधी बाहेर पडलेले, आजारपणानं किंवा घरच्या अडचणीनं मध्येच सुटलेले, अमुक तारखेच्या अलीकडचे, तमुक तारखेच्या पलीकडचे, यांच्या फायली कोर्टांतून फिरत राहिल्या.

या तारखांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा चांगला प्रहार केला. १७ डिसेंबर १९८२चा नकारा खटल्याचा निकाल. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून सरकारनं पेन्शनची नवी, वाढीव पद्धत आणली होती. तारखेनंतर निवृत्त झालेल्याला जास्त, आधी झालेल्याला कमी. लष्करातल्यांसाठी अशीच रेघ १ एप्रिल १९७९ला होती. न्यायालयानं ही रेघ पुसली. पेन्शन हे मालकाच्या मर्जीचं दान नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, ही भूमिका न्यायालयानं मांडली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. पेन्शनर मंडळी अजून १७ डिसेंबर हा दिवस पाळतात.

नंतरचा लढा 'वन रँक वन पेन्शन'चा. त्याच्या बाजूनं अहवाल देणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, पुढे आपल्या राज्यपालपदावर आले तेच. जून २०१५मध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर बसले आणि ७ नोव्हेंबर २०१५ला सरकारचा आदेश निघाला, १ जुलै २०१४पासून लागू. या मागणीत न्याय होता. पण सैनिकांचं म्हातारपण म्हटलं की आपल्या वर्तमानपत्रांना या एका लढ्यापलीकडे काही दिसेनासं झालं, हे मला खटकतं. हा लढा ज्यांना पेन्शन आहे त्यांचा होता. ज्यांना ते नाहीच, ते जंतरमंतरवर बसलेही असतील, पण त्यांच्या रँकला जोडायला पेन्शनच नव्हतं.

त्यांच्यासाठी आहे ती राखीव जागांची सोय. केंद्र सरकारच्या तिसऱ्या श्रेणीत दहा टक्के, एकेकाळच्या चौथ्या श्रेणीत वीस टक्के. चाळिशीच्या आत बाहेर पडलेला, शिकलेला, परीक्षा देऊ शकणारा माणूस त्यातून बँकेत, पोस्टात, रेल्वेत लागतो. आमच्या तालुक्यात अशी कितीतरी घरं उभी राहिली. पण पन्नाशी ओलांडली, आधीची खासगी नोकरी सुटली की राखीव जागेच्या जाहिरातीतली वयाची अट आडवी येते. मग राहतो तो वॉचमनचा गणवेश. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्री बारानंतर जाऊन बघा. पाठ ताठ, बोलणं कमी, बूट चकचकीत असा कुणी दिसला तर विचारा, 'फौजेत होता का, मामा?' बारा तासांची पाळी, महिन्याच्या सुट्ट्या कंत्राटदाराच्या हातात. राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे 'मेस्को'मार्फत, ज्यांना सुरक्षारक्षकाचं काम मिळतं ते त्यातल्या त्यात सुखी.

आणि अगदी कुणी नसलेल्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं एक अनुदान आहे. त्याचं नाव 'पेन्युरी ग्रँट', सरळ मराठीत दारिद्र्य अनुदान. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला, उत्पन्नाचं साधन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना ते मिळतं. दरमहा चार हजार होते, १ नोव्हेंबर २०२५पासून आठ हजार झाले. दुप्पट झाले, चांगलं झालं. अट एक, वय पासष्टच्या पुढे हवं. अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे गेलेला, पहाऱ्यावरून काढून टाकलेला माणूस या अटीत बसत नाही. त्यानं सात वर्षं कुठे काढायची, याचा रकाना अर्जात नाही.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, शेवटी सेवा निधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यात निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. शंभरातल्या पंचवीसांपर्यंत कायम होणार, बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, त्या किती भरतात ते दिसेल. योजनेच्या बाजूचे लोक म्हणतात, फौज तरुण राहील. राहील. फौज कायमच तरुण राहते, माणसं मात्र गावी येऊन वय काढतात. पहिल्या तुकड्यांची भरती २०२२च्या अखेरीची, म्हणजे २०२६-२७ हा त्यांचा परतण्याचा हंगाम. तेव्हा त्यांतला बहुतेक जण बाविशी ते सत्ताविशीतला असेल. पस्तीस ते पासष्ट हे तीस वर्षांचं अंतर आमच्या छोट्या दादांच्या पिढीनं गिरणीच्या फाटकावर काढलं. या मुलांपुढे ते चाळीस वर्षांचं आहे. गिरण्या तर आता नाहीत. त्या जागी टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या फाटकांवर पहारेकऱ्यांच्या जागा आहेत.